ताई, पैसे माझ्या नावावर आले

आमच्या भागात सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. चांदवड तालुक्यातल्या दीड एकराच्या घराला केंद्र सरकारच्या पीएम किसान योजनेचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार, एवढंच तुम्ही मिळवून दिलंत, असं कुणी म्हणेल. त्या पैशानं घरात काय झालं हे सांगितल्याशिवाय तुमचं काम केवढं होतं ते कळणार नाही, म्हणून हे पत्र.

हे गेले आणि हप्ता थांबला. तो थांबणारच होता, नोंद त्यांच्या नावावर होती. 1 फेब्रुवारी 2019 नंतर ज्याच्या नावावर जमीन झाली त्याला हा पैसा मिळत नाही, असं मला जो तो सांगायचा. एका ठिकाणी पैसे घेऊन माझा अर्ज भरला, त्याचं पुढे काय झालं ते कळलंच नाही. तुम्ही मात्र बसवून घेतलंत आणि सांगितलंत की धनी वारल्यामुळे जमीन नावावर आली असेल तर ती तारीख आड येत नाही. मग एका कागदावर क्रमानं लिहून दिलंत. आधी मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज, पंधरा दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार, म्हणजे जमिनीच्या नावातला बदल, मंजूर केला की नवीन सातबारा, आणि मग तुमच्याकडे नोंदणी. कुठल्या कामाला पैसे लागत नाहीत तेही त्यावर लिहिलं होतं. त्या कागदामुळे मला कुणापुढे अजिजी करावी लागली नाही. पुढचं पाऊल काय, ते मला ठाऊक असायचं.

केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, माझा अंगठा मशीनवर उठेना. आयुष्य निंदणी-खुरपणीत आणि कांदे कापण्यात गेलं, बोटांवरच्या रेषा झिजल्यात. तुम्ही ओल्या फडक्यानं माझी बोटं पुसलीत, एकेक लावून पाहिलंत. मागे रांग होती, मला ओशाळल्यासारखं झालं. तुम्ही रांगेला थांबायला सांगितलंत आणि मला म्हणालात, "राहू द्या काकू, चेहऱ्यावरनं करू." 2023 पासून पीएम किसानच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवून केवायसी होते, हे आमच्या गल्लीत एकीलाही माहीत नव्हतं. दाराशी उजेडात बसवून, पदर थोडा मागे घ्यायला सांगून, डोळे मिचकवायला लावून तुम्ही ते काम करून टाकलंत.

त्यानंतर तुम्ही जे पाहिलंत ते दुसऱ्या कुणी पाहिलं नसतं. हा पैसा आधारला जे खातं जोडलेलं असेल त्यात जातो, आपण पासबुक कुठलंही दाखवलं तरी. माझं आधार निघालं गॅसच्या सबसिडीसाठी कधीकाळी उघडलेल्या खात्याला, आणि ते वापराविना बंद पडलेलं. आधी बँकेत जाऊन आधार चालू खात्याला जोडून घ्या, असं तुम्ही बजावलंत. म्हणून 5 ऑक्टोबर 2024 ला वाशीमहून केंद्राचा आणि राज्याचा हप्ता एकदम सुटला, तेव्हा माझ्या खात्यात चार हजार पडले.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपासाठीचं बी, टाकायची तयारी. चार हजारांत दीड एकर कांदा उभा राहत नाही. लागवडीची मजुरीच केवढी होते. पण उळ्याचे आणि पहिल्या खताचे पैसे मी रोख मोजले. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ मोठा आहे. उधारीवर माल उचलला की भाव चढा लागतो आणि फेड ठरलेली असते, कांदा निघाल्याबरोबर. मग एप्रिलमध्ये, सगळ्या जिल्ह्याचा कांदा एकदम लासलगावला आणि चांदवडला येतो आणि भाव बसतो तेव्हाच, आपल्यालाही ट्रॉली भरावी लागते. त्या वर्षी निम्मा कांदा चाळीत साठवून ठेवता आला. त्याला फार चांगला भाव मिळाला असं नाही, वर्षच तसं होतं. तरी केव्हा विकायचा हे मी ठरवलं.

आणि पैसा माझ्या नावावर येतो, याचंही वेगळं वजन आहे. पूर्वी खत कुठलं आणायचं हे बांधावर ठरायचं आणि मला घरी कळायचं. आता दीर विचारतात, "वहिनी, या वेळी काय आणू?"

फुकटच्या पैशानं माणूस आळशी होतो, असं बोलणारे मी ऐकले आहेत. त्यांनी जानेवारीत आमच्या वावरात कांदा लागवडीला यावं. मला तर हातात थोडे पैसे असल्यामुळे जास्त काम अंगावर घेता आलं. मात्र हप्ता म्हणजे भाव नव्हे, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा बाजारात जे गेलं ते बारा हजारांनी भरून येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तुमचा खरेपणा मला लाडकी बहीणच्या वेळी कळला. बाया दीड हजारांच्या आशेनं यायच्या. नमोचा लाभ घेणाऱ्या बाईला पाचशेच मिळतील, हे तुम्ही मला तोंडावर सांगितलंत. खोटी माहिती भरून देणारे तेव्हा कमी नव्हते. ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतातलं पीक मोबाईलवरून सातबाऱ्यावर नोंदवायची, आठवण तर तुम्ही दर हंगामाला करता. 2023 मध्ये क्विंटलला साडेतीनशे रुपयांचं कांदा अनुदान आलं, तेव्हा सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून कितीतरी जणांची प्रकरणं अडकली होती. ते तुम्ही विसरला नाहीत.

ठरलेल्या फीच्या वर तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. कांद्याची गोणी पाठवली तीही परत केलीत. म्हणून हे पत्र लिहिलं, हे तरी परत करू नका. शेजारच्या वस्तीवर एक सूनबाई आहे, तिचा नवरा दिवाळीआधी गेला आणि ती अजून तलाठी कार्यालयाच्या पायऱ्यांवरच आहे. तिला सोमवारी तुमच्याकडे पाठवते. मृत्यूचा दाखला, आधार आणि पासबुक सोबत घ्यायला सांगितलं आहे.

तुमची,
चांदवडकडची एक कांदा पिकवणारी