मुलाखतीची सही म्हणजे नाटकाची परवानगी नव्हे

महोदय,
नवी मुंबईतले प्रकल्पग्रस्त, वागळे इस्टेटच्या बंद कारखान्यांतले कामगार यांच्या मुलाखतींवरून नाटक करायचे, तर प्रबंधासाठी घेतलेली सही पुरत नाही. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचे (नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचे) प्रमाणपत्र मिळाले, तरी तेही मुलाखत देणाऱ्याच्या संमतीची जागा घेत नाही.

संमती तीनदा घ्यावी: मुलाखतीआधी, संहितेचे पहिले वाचन त्या माणसासमोर झाल्यावर आणि चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचे असल्यास त्यासाठी वेगळी. माघार कधीपर्यंत घेता येईल (रंगीत तालमीपर्यंत, असे समजू) हे कागदावर हवे. लिहिता-वाचता न येणाऱ्याला तो कागद वाचून दाखवावा.

सर्वात जास्त चुकते ते नाव बदलण्यात. ‘सुमन’ची ‘कुसुम’ केली. पण दोन मुलगे, गेलेले भातखाचर आणि तिचे ते ‘मी काय बोलतंय’ तसेच ठेवले, तर पहिल्या रांगेतला गाववाला तिला क्षणात ओळखतो. धंदा, नाती, वय यांतले एकदोन तपशील हलवावेच लागतात. तिघींचे बोलणे एका पात्रात घातले असेल, तर तसे प्रयोगाआधीच्या निवेदनात सांगावे. मूळ ध्वनिफीत नटाला सरसकट देऊ नये. आवाज हीसुद्धा ओळखच.

आणि या प्रकल्पग्रस्तांची आगरी बोली हशा वसूल करायला वापरायची असेल, तर त्याला संशोधन म्हणू नये. गडकरी रंगायतनात लाफ्टर मिळेल, पण ज्यांनी चहा पाजून तीन-तीन तास सांगितले, त्यांना पहिल्या प्रयोगाची तिकिटे तरी पाठवता का?

– नाट्यप्रशिक्षक व समाजशास्त्राचे अभ्यासक, ठाणे