‘नाही’ म्हणायची सोय कायद्यानेच हवी

महोदय,

सांगलीत माझा भाजणी, मेतकूट, मसाल्यांचा घरगुती व्यवसाय आहे. पूर्वी ऑर्डरी लाल वहीत असायच्या, आता व्हॉट्सॲपवर येतात. विश्रामबागेतल्या एक आजी लिहीत नाहीत, बोलून पाठवतात: ‘भाजणी जरा खरपूस भाज गं, आणि लाडू बिनसाखरेचे, ह्यांची शुगर वाढलीय.’ अशी तीनशेवर गिऱ्हाइकं त्या एकाच ॲपवर आहेत. उद्या मी दुसरं ॲप घेतलं, तर आजी काही माझ्यामागे तिथे येणार नाहीत.

व्हॉट्सॲपची जानेवारी २०२१ मधली अट याच नजरेने बघायला हवी. फोन नंबर, फोनचा प्रकार, दुकानांशी होणारा व्यवहार अशी माहिती व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिच्या इतर कंपन्यांकडे जाईल, हे मान्य करा. नाहीतर ॲप सोडा. (संदेशातला मजकूर यात येत नाही, हेही सांगितलं पाहिजे.) जिथून माणूस उठूनच जाऊ शकत नाही, तिथे घेतलेल्या होकाराला संमती कसं म्हणायचं?

बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाने या अटीबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला आणि जाहिरातींसाठी ही माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी मात्र उठवली. म्हणजे अट आल्यापासून जवळजवळ पाच वर्षं गेली. एवढ्या वेळात गेलेली माहिती कोणता दंड परत आणणार?

म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्गी लावावा. अशा बड्या कंपन्यांना नियम आधीच घालून द्यायचे, एका सेवेतली वैयक्तिक माहिती संमतीशिवाय दुसरीत मिसळू द्यायची नाही, हे त्यात आहे. छोट्या भारतीय कंपन्या त्यात भरडल्या जातील ही भीती खोटी नाही. पण त्यासाठी नियम किती मोठ्या कंपन्यांना लागू, याच्या मर्यादा नीट ठरवाव्यात, मसुदा बासनात बांधू नये.

आणखी एक. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे. ती आजींना चष्मा लावून वाचता येईल अशा अक्षरांत यावी. ‘हो’च्या शेजारी तेवढंच मोठं ‘नाही’ असावं, आणि ते दाबल्यावरही ॲप चालू राहावं.

– एक गृहउद्योजिका, सांगली