श्रिम्पला नाव ठेवण्याआधी अंडी बघा

महोदय,

शोभेच्या माशांच्या दुकानांत आता गोड्या पाण्यातल्या श्रिम्पच्या पिशव्याही टांगलेल्या असतात. (कोळंबी म्हटले की ताटच डोळ्यांपुढे येते, म्हणून या धंद्यात सगळे ‘श्रिम्प’च म्हणतात.) पिशवीवर ‘अमानो’, ‘इंडियन ग्रीन’, ‘मिक्स चेरी’, कधी नुसतेच ‘रेअर’ लिहिलेले असते. त्या नावावर भाव ठरतो आणि त्याच नावावर विसंबून घेणारा पिल्लांची वाट पाहत बसतो. पिल्ले दिसली नाहीत की दोष पाण्यावर जातो. पाणी कधी कधी दोषी असतेही, पण पुष्कळदा मुळात प्राणीच दुसरा असतो.

ओळख पटवायची तर रंग विसरावा. अरुंद काचेच्या डबीत एक श्रिम्प घेऊन दहापट भिंगातून त्याचे पुढचे पाय पाहावेत. पहिल्या दोन्ही जोड्यांच्या नांग्या आखूड, टोकाला केसांचे झुपके आणि त्यांनी तो भराभर काहीतरी खरवडून तोंडात घालत असेल, तर तो शेवाळ खाणाऱ्या ॲटिडी कुळातला. दुसरी जोडी लांब, काटकुळी आणि टोकाला उघडा चिमटा असेल, तर तो बहुधा मॅक्रोब्रॅकियम या शिकारी वंशातला. ओढ्यातून जाळीने धरलेल्या मालात याची पिल्ले मिसळलेली असू शकतात. लहानपणी ती काचेसारखी पारदर्शक आणि गरीब दिसतात, मोठी झाली की नुकती कात टाकलेले मऊ श्रिम्प रात्रीतून फस्त करतात.

शेवाळ खाणाऱ्यांतल्या निओकॅरिडिना आणि कॅरिडिना या दोन वंशांतला फरक मेलेल्या नरावर नीट दिसतो, म्हणून मेलेला नर फेकू नये, स्पिरिटच्या बाटलीत ठेवावा. पोटाखालच्या पोहण्याच्या पायांची पहिली जोडी पाहावी. त्यातली आतली पाकळी निओकॅरिडिनात फुगीर, पेरूच्या उभ्या फोडीसारखी असते. कॅरिडिनात ती लांबट, अरुंद असते.

पण घरी पैदास करणाऱ्याला सगळ्यांत उपयोगी खूण म्हणजे अंडी. मादीच्या पोटाखाली वीस-तीस अंडी, प्रत्येक साधारण १ मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढे, असेल तर त्यातून थेट चिमुकला श्रिम्पच बाहेर पडतो आणि गोड्या पाण्यातच वाढतो. अंडी शेकड्यांनी आणि खसखशीच्या निम्म्याहून लहान, रांगोळीच्या कणांसारखी असतील, तर त्यातून तरंगत्या अळ्या निघतात. त्या बहुतेक जातींत खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत. मग टाकी कितीही स्वच्छ ठेवा, बदामाची पाने घाला, काही उपयोग नाही.

अमानो, म्हणजे कॅरिडिना मल्टिडेंटाटा, याच दुसऱ्या गटातला. खऱ्या अमानोच्या कुशीवर ठिपक्यांच्या ओळी असतात. नरात खालच्या ओळीत सुटे ठिपके, मादीत लांबट तुटक रेघा. पूर्ण वाढलेली मादी ५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. अडीच सेंटिमीटरवर अंडी धरलेली, कुशीवर ओळी नसलेली मादी अमानो म्हणून विकली जात असेल, तर ती घेऊ नये. ज्यांना अमानोची पैदास करायचीच आहे, त्यांनी अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागले की मादी वेगळ्या टाकीत ठेवावी. अळ्या रात्री सुटतात, डोके खाली करून लोंबकळतात आणि टॉर्चच्या उजेडाकडे गोळा होतात. तिथून नळीने ओढून त्या एक-दोन दिवसांत लिटरला ३० ते ३५ ग्रॅम सागरी टाक्यांचे मीठ घातलेल्या पाण्यात न्याव्यात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात समुद्राच्या पाण्यातले बाकीचे क्षार नसतात. फिल्टर नको, हळू हवा, सतत उजेड आणि सूक्ष्म शेवाळाने हिरवे झालेले पाणी. महिना-दीड महिन्याने काही पिल्ले काचेला चिकटून पुढे चालू लागली की लगेच त्यांना गोड्या पाण्याकडे परत आणायचे. ही वेळ चुकली की इतके दिवस जगलेली पिल्लेही जातात.

याउलट आपल्याकडचा बाबॉल्टी हा श्रिम्प. गी बाबॉ यांनी ब्रिटिश भारतातल्या गोड्या पाण्यांतून गोळा केलेल्या नमुन्यांवरून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ बूव्हिए यांनी १९१८ मध्ये कॅरिडिना बाबॉल्टीचे वर्णन केले. परदेशात ‘ग्रीन बाबॉल्टी’ म्हणून लोक तो हौसेने पाळतात. इथे तो ‘लोकल’ म्हणून दुर्लक्षित. अंडी मोठी, पिल्ले थेट. २४ ते २८ अंश तापमान त्याला मानवते, म्हणजे चिलरचा खर्च नाही (क्रिस्टल रेड या लाल-पांढऱ्या श्रिम्पला थंड पाणी लागते, एसीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये). ४० लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, मूठभर जावा मॉस ही पाणवनस्पती आणि सोसायटीच्या आवारातल्या देशी बदामाचे गळून वाळलेले एक पान, गरम पाण्यातून काढून. टाकी चार ते सहा आठवडे श्रिम्पशिवाय चालवावी. मगच १५-२० श्रिम्प, तेही थेंबाथेंबाने दोन तास पाणी मिसळून. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, १५० ते २५०. धरणाच्या मऊ पाण्यात जीएच (पाण्याचा जडपणा) ६ पर्यंत क्षार वाढवावे लागतात. बोअरचे पाणी जड असते, त्यात आरओ यंत्राने क्षार काढलेले पाणी मिसळून उतरवावे. हा श्रिम्प लाजरा आहे, आठवडाभर दिसला नाही तर मेला असे समजून टाकी उपसू नका. आणि रंग बदलला म्हणून जात बदलली असेही समजू नका. हिरवा, तपकिरी, पाठीवर पट्टा, सगळे एकाच प्राण्यात दिसू शकते.

चेरीबद्दल थोडक्यात. लाल, पिवळा, निळा हे निओकॅरिडिना डेव्हिडीचेच रंग. ‘मिक्स’ पिशवी एका टाकीत सोडली की काही पिढ्यांत मातकट पिल्ले निघतात.

मरणाची दोन कारणे मात्र ठळक सांगितली पाहिजेत. एक, एकदम अर्धी टाकी पाणी बदलणे. क्षार अचानक बदलले की कात अर्धवट सुटते, मानेमागे पांढरे कडे दिसते आणि श्रिम्प त्यातच अडकून मरतो. आठवड्याला १० टक्के पुरे. दुसरे कारण कीटकनाशक. डास मारणाऱ्या पायरेथ्रॉइडचा अंशही श्रिम्पला पुरतो आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो. पावसाळ्यात गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की पंप बंद, टाकीवर ओला कपडा, खिडक्या बंद; धूर निवळल्यावर तासाभरात पंप सुरू. टाकी असलेल्या खोलीत डासांचे लिक्विड मशीन लावूच नये. तांबे असलेले माशांचे औषधही तितकेच घातक.

नको झालेले श्रिम्प विहिरीत किंवा तलावात सोडू नयेत. जर्मनीत वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळे उबदार राहणाऱ्या गिलबाख ओढ्यात चेरी कायमचा वसला आहे. आपल्याकडे तर पाणी बारमाही उबदार.

दुकानदारांकडे मागणी एवढीच, की पिशवीवर रंगाच्या नावाखाली शास्त्रीय नाव, धरलेला की वाढवलेला, आणि दुकानातल्या पाण्याचा टीडीएस लिहावा. जात माहीत नसेल तर ‘जात अनिश्चित’ लिहावे, आणि अंडी धरलेली मादी असेल तर ग्राहकाला भिंग द्यावे.

– एक श्रिम्पपालक, ठाणे