केळीचं बारसं आणि आपला जिना

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या केळीचं बारसं झालं ते घर रविवारी बघून आले. शेफील्डहून बसने जाता येतं. चॅट्सवर्थ, डेव्हनशायरच्या ड्यूकांचा वाडा. घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. 1830च्या दशकात त्यांच्या पॅक्स्टन नावाच्या माळ्याने या गारठ्यात काचघरात केळ वाढवली आणि तिला मालकाचं नाव लागलं. आपली जुनी बसराई काय, आत्ताची ग्रँड नैन काय, दोघी कॅव्हेंडिशच! इथल्या दुकानात केळी घेताना मला आता सावद्याचा मळा आठवतो.

पण पत्र लिहायला बसले ते अकरावे ड्यूक अँड्र्यू आणि त्यांची बायको डेबोरा यांच्यामुळे. 1941 साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लग्न झालं, दोघंही एकवीस वर्षांचे. अँड्र्यू धाकटा, वाडा त्याच्याकडे यायचाच नव्हता. 1944 मध्ये थोरला भाऊ बेल्जियममध्ये लढाईत गेला. त्याची बायको म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या केनेडींची बहीण.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. मेल्यावर वारसांवर बसणारा कर वाचावा म्हणून अँड्र्यूच्या वडिलांनी मालमत्ता आधीच दुसरीकडे वळवली होती. पण देणारा त्यानंतर पाच वर्षं जगला तरच ते कायद्यात बसायचं. 1950 मध्ये मुदत संपायला काही आठवडे उरले असताना ते लाकडं फोडता फोडता गेले. कर बसला 80 टक्के! हजारो एकर जमीन, हार्डविक हॉल नावाचा दुसरा वाडा, रेम्ब्रांटसारख्यांची चित्रं, सगळं द्यावं लागलं. सरकारशी घासाघीस 17 वर्षं चालली. आपल्या बांधाच्या दाव्याला तुम्ही उगीच नावं ठेवता.

संसारही काही सोपा नव्हता. तीन बाळं जन्मतःच गेली, नवऱ्याला दारू होती (पुढे सुटली). पण बाई खमक्या. 1959 साली मुलांना घेऊन त्या ओसाड पडलेल्या वाड्यात राहायला आल्या, 1977 मध्ये शेतमालाचं दुकान काढलं. कोंबड्यांचं तर वेडच. आई, तुझं नि त्यांचं एका दिवसात जमलं असतं.

2004 मध्ये ड्यूक गेले. मग बाईंनी वाडा मुलाकडे सोपवला आणि पंचाऐंशीच्या घरात असताना शेजारच्या गावात, पाद्र्यांच्या जुन्या घरात राहायला गेल्या. गावाचं नाव लिहितात एडेन्सॉर, म्हणतात एन्झर. तिथल्या चर्चमागे दोघांची थडगी आहेत, साधे उभे दगड, कडेने गवत. एवढ्या मोठ्या घराची माणसं, आणि दगड आपल्या शिवेवरच्या दगडासारखे. मी तिथे बराच वेळ बसून होते. डोक्यात मात्र आपला जिना होता.

आई, तू फोनवर सांगत नाहीस, पण माडीवरून उतरताना तू हल्ली आडवी होऊन एकेक पायरी उतरतेस, हे वहिनीने सांगितलं. बाबा, माडी आजोबांनी बांधली हे मान्य. ती कुठे पळून जात नाही. धान्याच्या कोठ्या वर जाऊ देत, तुम्ही दोघं खाली या. मी दिवाळीला येतेच आहे. तोवर खालच्या खोलीच्या दाराचं माप घेऊन ठेवा, आजीचा शिसवी पलंग चौकट न काढता आत जाईल असं मला वाटत नाही.

तुमची,
ताई