'ताबा सुटला' एवढ्यावर भागत नाही

महोदय,

अपघाताच्या बातमीत 'चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने' ही ओळ ठरलेली. पण ताबा सुटतो तो कशाने तरी. ते 'कशाने' कागदावर आले नाही, तर जखमीची भरपाई अडते; म्हणून हे पत्र.

समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तीन सेकंदांची डुलकी लागली की शंभर मीटर रस्ता डोळे मिटून कापला. टायर फुटला की 'हवा जास्त झाली असेल' असे सर्रास म्हणतात. हवा कमी असणे अधिक घातक असते. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला चेपते, त्या चेपण्यानेच तापते आणि सलग वेगात आतले थर सुटू लागतात. हवा टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरील आकड्यानुसार भरावी. टायरच्या कडेवर २३१९ असे चार अंक असतील, तर तो २०१९च्या २३व्या आठवड्यात तयार झालेला. बोरघाटात काही ट्रकचालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, लायनर तापतात आणि मग 'ब्रेक फेल'. (गंमत म्हणजे आजच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल आपोआप तुटते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच.)

आता कायद्याच्या बाजूने पाहा. ट्रकने मागून ठोकले किंवा अचानक लेन तोडली, तर त्याच्या थर्ड पार्टी (इतरांची हानी भरून देणाऱ्या) विम्यातून मोटारीतील सर्वांना, चालकालाही, दावा करता येतो. नोंद नुसती 'ताबा सुटला' अशी झाली, तर चालक स्वतःच्याच चुकीचा बळी ठरतो. गाडी त्याची असेल तर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा उरतो, तोही मृत्यू किंवा ठरावीक कायम अपंगत्व आले तरच. खासगी मोटारीतील सहप्रवाशांचे पॉलिसीवर ठरते: 'फर्स्ट पार्टी' (सर्वसमावेशक) असेल तर मिळते, नुसती थर्ड पार्टी असेल तर विमा कंपनी हात वर करते.

घोळ होतो तो पहिल्या काही तासांत. अपघात विभागात डॉक्टर विचारतात, काय झाले? घाबरलेला नातेवाईक सांगतो, 'गाडी डिव्हायडरला धडकली.' तेवढेच केसपेपरवर येते आणि पुढे सुनावणीत विमा कंपनीचा वकील तोच कागद दाखवतो. मागून ट्रकची धडक बसली असेल तर तसेच लिहून घ्यावे, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाचा) नंबर टिपून ठेवावा. क्रेन येण्याआधी ब्रेकच्या खुणा, नंबरप्लेट, गाड्यांची तोंडे कुठे होती, याचे फोटो काढावेत. स्टॅम्प पेपरवर 'तक्रार नाही' लिहून दहा-वीस हजारांत मिटवणारे पुष्कळ. ते पैसे रॉड काढायच्या दुसऱ्या ऑपरेशनलाही पुरत नाहीत.

मे २०२५पासून अपघातग्रस्ताला योजनेतील रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत कॅशलेस उपचार मिळतात. ११२ला फोन करावा. भरपाईचा दावा मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. मुदत अपघातापासून सहा महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, तरी त्यावर विसंबू नये; व्याजही साधारणतः अर्जाच्या तारखेपासूनच मिळते. अपघात खोपोलीला झाला आणि राहणे साताऱ्यात असेल, तर दावा साताऱ्यातही चालतो. पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यात स्वतः विचारावे.

कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर जखमीला अडीच लाख, मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख मिळतात. सोपे आहे, पण ही रक्कम स्वीकारली की १६६चा दावा संपतो. सही करण्याआधी हिशेब मांडा: वय २८, स्वतःचा धंदा, मासिक कमाई २०,०००, कमाईची क्षमता २५ टक्के घटलेली. वर्षाचे २,४०,०००, भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००, त्याचे २५ टक्के ८४,०००, वयानुसार ठरलेला गुणक १७. झाले १४,२८,०००, औषधोपचाराची बिले आणि वेदनांची भरपाई वेगळी. यातील २५ टक्के म्हणजे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरचा आकडा नव्हे. गुडघा ताठरलेला ड्रायव्हर आणि तसाच गुडघा असलेला कारकून यांचे नुकसान सारखे नसते. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते, आणि कमाईसाठी प्राप्तिकर विवरणपत्र किंवा बँकेचे उतारे.

ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. अर्ज जिथे अपघात झाला त्या तालुक्याच्या तहसील किंवा प्रांत कार्यालयात, एफआयआर, रुग्णालयाचे कागद आणि बँक पासबुकासह करायचा. त्यासाठी न्यायाधिकरणात जावे लागत नाही.

— अपघात दाव्यांचे काम करणारे काही वकील, पनवेल