इंजिन आहे, पत्रा नाही

हेदवी,
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय कुंदे,

फोनच केला असता, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला ‘अगो पण नलू’ म्हणून सुरू होतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. गणपतीपासून लिहीन लिहीन म्हणत होते. जाऊ दे, तूही काही लिहिलेलं नाहीस, फिटंफाट.

ह्यांची शुगर ताब्यात, माझा डावा गुडघा आहे तसाच. झालं प्रकृतिमान.

तर रविवारी तवसाळच्या फेरीबोटीत गाडी बंद पडली. बोट जयगडला लागली, फळी खाली आली, पुढच्या गाड्या उतरल्या, आणि आपली पांढरी हूं की चूं करेना. मागून हॉर्नवर हॉर्न. मग चौघे ढकलायला आले आणि त्यांत कोण असावा? वाकड्यांचा बंडू! मिशा पिकल्या, पोट सुटलंय, पण हसणं तेच, धोपाव्याच्या धक्क्यावर आपली गाडी ढकलायला लागली होती तेव्हाचं. गाडी वर नेऊन ठेवलीन, हात झटकलेन आणि म्हणतो, “नलूताई, अजून हीच का?”

दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणेल, बरं मग? मदत केलीन बिचाऱ्याने. मला रात्री झोप का लागली नाही ते तुला सांगायला नको. इतक्या वर्षांनी पुन्हा त्याच्याच समोर ढकलगाडी! आणि त्याला परतून बोलायला तू नव्हतीस. मी नुसतं “हो” म्हटलं. “हो”, कुंदे!

दुसऱ्या दिवशी इब्राहीमभाई आले. कॉइल गेली होती, ती त्यांनी तासाभरात घातली. मग ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट उचलून मला बोलावलं. बघते तर खाली अंगणातला चिरा दिसतोय! खारा वारा, वर चार-चार महिन्यांचा पाऊस, पत्रा पापडासारखा झालाय. वेल्डिंग करायला गेलं तर धरायला जागा नाही. म्हणाले, “बाई, इंजिन मी अजून दहा वर्षं चालवून दाखवीन. पत्रा कुठून आणू?”

त्यात पुढच्या जूनला पासिंग संपतंय. २००६ ची गाडी, २०२१ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा सहाशे रुपये भरून पाच वर्षं वाढवून घेतली होती, आठवतंय? आता वीस वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाला सरकारने दहा हजार केलेत, हरित कर वेगळा. आणि त्याआधी तपासणीत पास व्हायला हवी. अंगण दिसणाऱ्या गाडीला कोण पास करतोय? भंगारवाला येऊन वीस हजार सांगून गेला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

निखिलचं म्हणणं, “आई, गाडी हवीच कशाला आता? शृंगारतळीचा रिक्षावाला महिन्याने बांधून घे.” म्हणजे कोकमाच्या बाटल्या घेऊन मी रिक्षावाल्याची वाट बघत अंगणात बसायचं. त्याला लग्नाची वर्दी आहे, माझ्या क्रेटला सवड नाही. तू आणि मी लायसन काढायला गेलो तेव्हा माझ्या सासऱ्यांनी जे वाक्य म्हटलं होतं, तेच माझ्या पोटच्या पोराने मऊ आवाजात म्हटलं, एवढाच काय तो फरक.

आता खरी गोष्ट. हसू नकोस.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी ती छोटी विजेची गाडी घेतलीय, एमजीची कॉमेट. तुझ्याकडे रस्तोरस्ती दिसत असेल. दोन दारं, चार माणसं, आणि लांबी तीन मीटरच्या आत. लांबून बघितलं तर कोणीतरी गाडी कापून अर्धी आणलीय असं वाटतं. हे तिला ‘डबा’ म्हणतात. मी मागितली तर बाईंनी किल्ली हातात दिली, आणि मी ती हेदवीची घाटी चढवून आणली. आवाज नाही, गिअर नाही, क्लच नाही! डावा पाय नुसता बसून होता. उतारावर पाय काढला की गाडी आपोआप आवरते आणि तेवढीच बॅटरी परत भरते म्हणे. आपण त्याच उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये जीव मुठीत धरून यायचो. मागची सीट पाडली तर माझे कोकमाचे क्रेट बसतात, मी टेप घेऊन गेले होते. सीट उभी असेल तर मात्र मागे पिशवीलाही जागा नाही. आणि स्टेपनी नाही! पंक्चर काढायचा डबा देतात. त्या इवल्या बारा इंची चाकांनी गुहागर-चिपळूणचे खड्डे घ्यायचे आणि वर स्टेपनी नाही.

हिशोब सांगते, कारण मला माहीत्येय तू तोच आधी विचारशील. बॅटरी १७.३ युनिटची. कंपनी २३० किलोमीटर सांगते, बाई म्हणतात एसी लावून दीडशे-पावणेदोनशे धरा. चिपळूणला जाऊन-येऊन शंभरावर होतात, म्हणजे भागतं. घरच्या पंपाच्या सॉकेटवर लावली तर रात्रभरात, सातेक तासांत भरते. युनिटला दहा रुपये धरले तरी किलोमीटरला रुपयाच्या आसपास. पांढरी आता सात-आठ रुपये खाते. २०२३ ला आली तेव्हा आठ लाखांना होती, पुढच्या वर्षी सात लाखांखाली आणली. आणि आता नवीच टूम: बॅटरी भाड्याने! गाडीचे पाच लाखांच्या आत आणि मग प्रत्येक किलोमीटरला भाडं. योजना निघाली तेव्हा अडीच रुपये होतं. हे म्हणतात, “म्हणजे गाडी आपली आणि तिचा जीव दुसऱ्याचा.” मला आधी हसू आलं. मग रात्रभर तेच डोक्यात.

आणि वीज? आमच्याकडे आभाळ भरून आलं की आधी लाईट जाते, मग पाऊस येतो. निसर्ग वादळात मंडणगड-दापोलीकडे किती दिवस अंधार होता ते आठवतंय ना. बरं, महावितरणचं बिल शंभर युनिटच्या वर गेलं की पुढच्या दराने उडी मारतं, ते मी धरलेलंच नाही अजून.

पाण्याचं बोलायचं तर २२ जुलै २०२१ च्या पुरात पांढरी चिपळूणला तुझ्या माईच्या दारात होती. टपापर्यंत पाणी, सीटमध्ये गाळ, डॅशबोर्डमध्ये बेडूक. इब्राहीमभाईंनी सगळी उघडून आठवडाभर वाळत घातली आणि ती पुन्हा सुरू झाली. ह्या गाडीच्या बॅटरीला म्हणे आयपी ६७ का काहीसं संरक्षण आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. वाशिष्ठीला अर्ध्या तासाची भाषा कळते का ग?

ह्यांचा मुख्य मुद्दा मात्र एकच, चायना माल. “शिमग्याच्या जत्रेत घेतलेली विजेरी पालखी देवळात परत जाईपर्यंत टिकत नाही, आणि तू त्यांची मोटार घेणार!” मी निखिलकडून सगळी वंशावळ काढून घेतली आणि ह्यांच्यासमोर ठेवली. एमजी म्हणजे ऑक्सफर्डचं मॉरिस गॅरेजेस, १९२४ पासूनचं. इंग्रज कंपनी २००५ मध्ये बुडाली तेव्हा ती चिन्यांनी उचलली. आता मालकी शांघायच्या सरकारी सैक कंपनीची. गाडी चिनी आराखड्याची, इंडोनेशियात तीच वुलिंग म्हणून विकतात. पण बनते कुठे? तुझ्या बडोद्याजवळच्या हलोलला! जनरल मोटर्सचा तो जुना कारखाना. आणि आता ३५ टक्के हिस्सा जिंदालचा. आमच्या जिंदालचा, जयगडच्या. खाडीतून बघ, त्यांच्या बाराशे मेगावॉटच्या कोळशावरच्या वीजकेंद्राचं धुराडं सगळ्यांत आधी दिसतं. म्हणजे त्यांच्याच कोळशाची वीज भरून त्यांचीच बिनधुराची गाडी मी चालवायची. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे चायना मालच.”

तुझ्या तर आत्ताच घशाशी आलं असेल. तुझं २०२० चं व्हॉट्सॅपवरचं व्याख्यान मी विसरलेले नाही. गलवान झालं, तुम्ही सोसायटीच्या अंगणात चिनी दिव्यांच्या माळा जाळल्यात, आणि मी फक्त विचारलं, “हा व्हिडिओ काढलास तो फोन कुठला?” दिवाळीपर्यंत बोलली नाहीस. आज सांगते, प्रश्न बरोबर होता. पण सरकार तुझ्याच बाजूचं निघालं. त्याच वर्षीपासून चिनी गुंतवणुकीला दिल्लीची परवानगी लागते. ग्रेट वॉलवाले तळेगावचा कारखाना घेणार होते, वाट बघून २०२२ ला परत गेले, मग तो ह्युंदाईने घेतला. बीवायडी ह्या दुसऱ्या चिनी कंपनीचा हैदराबादेतला प्रस्ताव २०२३ मध्ये फेटाळला. म्हणून त्यांची ती स्वस्त सीगल आपल्याकडे नाही आणि चिनी म्हणून ही एकच छोटी आपल्या वाट्याला. निखिल हे सगळं मला असं समजावून सांगतो की जणू मी एखादा कारखानाच घ्यायला निघालेय.

मला चीनची धास्ती नाही, सुट्या भागांची आहे. एप्रिलमध्ये त्यांनी मोटारीतल्या लोहचुंबकांची निर्यात आवळली तर इथले भलेभले कारखानदार दिल्लीला धावले. उद्या दोन्ही देशांचं पुन्हा बिनसलं तर हेदवीच्या नलूच्या गाडीचा एखादा कंट्रोलर का फिंट्रोलर कोण देणार? बाईंची गाडी मी मुद्दाम इब्राहीमभाईंच्या गॅरेजवरून नेली. त्यांनी पुढचं झाकण उघडलं, चष्मा चढवला, इकडून तिकडून पाहिलं, आणि झाकण हलकेच लावून टाकलं. म्हणाले, “छान आहे बाई. ह्यात माझं काही नाही.” मला असं कानकोंडं झालं! मी उगीचच त्यांना कोकमाच्या दोन बाटल्या दिल्या.

बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख वीस हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. आठ वर्षांनी मी सत्तरीला टेकेन. म्हणजे ही माझी शेवटची गाडी, कोणतीही घेतली तरी. मग ती कशी असावी ग? पुण्याला, तुझ्याकडे बडोद्याला, ही गाडी घेऊन मी यायची नाही, हे नक्की. पण गेल्या कित्येक वर्षांत पांढरी घेऊन तरी कुठे आले? कोल्हापूरच्या पुढे ती गेलेली नाही. तरी दारात उभी असली की वाटायचं, मनात आणलं तर निघू. हे ह्यांना सांगितलं तर म्हणतील रेल्वे आहे की.

शिवाय गेल्या महिन्यात जीएसटी उतरला. छोट्या पेट्रोल गाड्यांचा २८ चा १८ झाला. अल्टो ३.७० लाखांपासून मिळते, गिअर न बदलायची पाचाच्या आसपास. विजेच्या गाडीला पाचच टक्के होता, तो तसाच. म्हणजे फरक कमी झाला, आणि पेट्रोलची गाडी इब्राहीमभाईंना कळते, स्टेपनी असते, चार दारं असतात, पाऊस पडो लाईट जावो, पंपावर गेलं की चालते. कागदावर अल्टो जिंकते. मी स्वतः दोन रकाने पाडून लिहिलं, एका बाजूला ओळीच ओळी आणि दुसऱ्या बाजूला फक्त ‘गुडघा’ आणि ‘घाटीत आवाज नाही’. तरी कागद मिटला की डोळ्यांसमोर ती हिरवीच येते. हो, हिरवी. काळ्या टपाची, कच्च्या सफरचंदाच्या रंगाची. २००६ ला तू लाल लाल करत होतीस आणि मी हट्टाने पांढरी घेतली, “लालमध्ये गावभर उठून दिसू” म्हणून. आता उठून दिसायला माझी हरकत नाही. आणि मागच्या दाराची खोच मोडकाआगरला तूच पाडलीस, ह्यांच्यापुढे मी आजवर माझ्या अंगावर घेतलीय, हे लक्षात असू दे.

सरकारने ऑगस्टपासून विजेच्या गाड्यांना अटल सेतूवर आणि समृद्धीवर टोल माफ केलाय. मी जाणार तवसाळच्या बोटीने! रस्ता कर माफ आहे ते मात्र बरं.

तुझ्यासाठी काम आहे. तुझे जावई रोज हलोलला जातात ना? कोणत्या कारखान्यात ते विसरले, पण तिथे चहाच्या टपरीवर सगळं कळतं. त्यांना विचार, सुटे भाग आता इथले किती आणि बाहेरचे किती, भाड्याच्या बॅटरीचं भाडं मध्येच वाढवतात का, आणि भाडं थकलं तर गाडी जागच्या जागी बंद करतात की काय. आमच्या तालुक्यापासून दुरुस्तीची सोय जवळ कुठे, तेही. शोरूमचा पोरगा मला सगळ्यालाच “हो मॅम” म्हणतो, त्यामुळे त्याचं काही धरता येत नाही.

तुझं मोतीबिंदूचं नीट झालं ना? गॉगल घालून फोटो पाठव. वेदाच्या बारशाला येता आलं नाही, अंगडं-टोपडं पाठवलंय, मापाला मोठं असेल तर ठेवून दे, पोरं वाढतात. माईचं गच्चीचं छप्पर झालं का? भाऊजींना नमस्कार. त्यांनी पुन्हा नोकरी धरली म्हणे, ह्या वयात, तुझ्या कटकटीला कंटाळून असणार.

इकडे भातकापणी सुरू आहे आणि पाऊस अजून जात नाही, अर्धं भात आडवं झालंय. आंबापोळी आणि आगळ शेजारच्या सुनेबरोबर सुरतेपर्यंत पाठवतेय, तिथून मागवून घे. दिवाळीच्या आत उत्तर हवं, कारण पाडव्याला बुकिंग केलं तर सवलत आहे म्हणे. चीनवर काय ते एका ओळीत आटप. आणि बंडूला मी काय म्हणायला हवं होतं तेही लिही. ती बोट रोज चालते, तो पुन्हा भेटणारच.

तुझी,
नलू