शिलाई मशीनला घरात कायमची जागा हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात घरोघरी शिलाई मशीन असतं पण शिवण मात्र फार थोड्या घरांत होतं, आणि ह्याचं कारण मला विचाराल तर अगदी साधं आहे. आवड आहे, कधीकाळी क्लास केलेला आहे, कपाटात कापडं पडलीत, सगळं आहे. नाही ती जागा. मशीन एकतर लॉफ्टवर नाहीतर बेडच्या बॉक्समध्ये. मग एखाद्या रविवारी मनात येतं की चला आज त्या खणाच्या कापडाचं काहीतरी करूया, की आधी स्टूल आणा, मशीन उतरवा, पुसा, डायनिंग टेबलवरची लोणच्याची बरणी, औषधं, मुलांच्या वह्या सगळं हलवा, वायर पोचत नाही म्हणून एक्स्टेंशन शोधा, दोरा भरा, आणि एवढं होईपर्यंत पानं घ्यायची वेळ होते की परत सगळं उचला. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कोण काढतंय मशीन. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींचं शिवण नेमकं इथेच थांबलंय.

म्हणून हे पत्र. पुरवण्यांमध्ये छंदांबद्दल छान छान लिहून येतं, बाल्कनीतली बाग असते, बेकिंग असतं, पण शिवण आलंच तर ते 'घरबसल्या कमाई' ह्या मथळ्याखाली येतं. कमाई होते, चांगली होते, त्यावर घरं उभी राहिलीत, त्याबद्दल मला आदरच आहे. पण नुसत्या आनंदासाठी शिवणारी माणसंही आहेत हो, गाणं शिकणाऱ्याला कोणी विचारत नाही की ह्यातून मिळतं काय, तसं आम्हालाही विचारू नये एवढंच म्हणणं आहे.

आमचं कोथरूडचं घर टू बीएचके, माणसं पाच. वेगळी शिवणाची खोली वगैरे शक्यच नाही. पण बेडरूमच्या खिडकीजवळचा एक कोपरा मी मागून घेतला आणि घरात सगळ्यांना सांगितलं की इथलं मशीन आता कायम उघडं राहणार, त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचे नाहीत, चार्जिंगला फोन ठेवायचे नाहीत. खिडकी डाव्या हाताला येईल असं मशीन लावलं, कारण सुई डावीकडे असते आणि उजेड डावीकडून आला की आपल्याच हाताची सावली टाक्यावर पडत नाही, संध्याकाळसाठी वाकवता येणारा एलईडी दिवा. मशीन सासूबाईंचं, उषाचं, काळं, पायाने चालवायचं. नंतर त्याला मोटर लावून घेतली पण खालचा स्टँड आणि चामड्याचा पट्टा जपून ठेवलाय, लाइट गेली की पट्टा चढवायचा आणि काम चालू. फरक काय पडला तर आता भाजी शिजेपर्यंत पंधरा मिनिटं मिळाली तरी एक बाही जोडून होते. सलग चार तास रिकामे मिळतील तेव्हा शिवीन असं म्हणून बसलं तर ते चार तास कधी येत नाहीत, बायकांना तर नाहीच नाही.

कटिंगचं मात्र वेगळं बघावं लागतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं जमिनीवर चटई टाकून कटिंग करायची सवय आहे आणि मग कंबर धरते. डायनिंग टेबल साधारण 30 इंच उंच असतं, ते बसून जेवायला बरोबर पण उभं राहून कापायला बुटकं पडतं, वाकून वाकून पाठ जाते, 34 ते 36 इंच हवं. त्यासाठी नवीन टेबल घ्यायची अजिबात गरज नाही, सुताराकडून खाचा पाडलेले लाकडी ठोकळे करून घ्यायचे आणि कटिंगच्या दिवशी चारही पायांखाली सरकवायचे. माझ्या बहिणीने पॅसेजच्या भिंतीला बिजागऱ्यांवर फळी लावून घेतलीये, काम झालं की खाली पाडायची. ते मला जास्त आवडलं, आमच्याकडे पॅसेजच नाही.

आता सामानाबद्दल. हा विषय माझ्या फार जवळचा आहे त्यामुळे जरा लांबेल. कापडं रंगानुसार रचून ठेवलेली दिसायला सुंदर दिसतात पण उपयोग होतो तो प्रकारानुसार ठेवल्याने, म्हणजे अस्तरं एकीकडे, कॉटन एकीकडे, खण आणि रेशमी वेगळं, आणि प्रत्येक कापडाला टाचणीने एक चिठ्ठी लावायची, त्यावर लांबी किती, पन्हा म्हणजे रुंदी 36 इंच का 44, आणि धुतलंय का नाही. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कॉटन आटतं, म्हणून कापड आणलं की आधी पाण्यात भिजवून वाळवून इस्त्री करून मगच कपाटात टाकायचं, म्हणजे मनात येईल त्या दिवशी कात्री लावता येते. रिळं ड्रॉवरमध्ये टाकली की त्यांचे दोरे एकमेकांत अडकतात, त्यापेक्षा भिंतीवर फळीला खिळे मारून त्यावर लावा, समोर दिसतात आणि रंग निवडायला बरं पडतं, फक्त थेट ऊन लागेल तिथे नको, उन्हाने रंग उडतो आणि दोरा कच्चा होतो. बटणं, हूक, प्रेसबटणं पारदर्शक बरण्यांमध्ये. टाचण्यांसाठी बशीत लोहचुंबक. आणि कापडाची कात्री वेगळी म्हणजे वेगळीच, तिने कागद कापायचा नाही, दुधाची पिशवी तर नाहीच, कागदाने धार जाते आणि मग कापड चावल्यासारखं कापलं जातं. आमच्याकडे त्या कात्रीच्या मुठीला लाल चिंधी बांधलीये, घरात सगळ्यांना माहितीये की लाल चिंधीवालीला हात लावायचा नाही.

इस्त्री मशीनच्या हाताशी हवी हे कोणी सांगत नाही. घरी शिवलेलं आणि दुकानातलं ह्यात जो फरक दिसतो तो पुष्कळदा शिलाईचा नसतोच, इस्त्रीचा असतो. प्रत्येक शिवण घातली की लगेच उलट्या बाजूने दाबून घ्यायची, मग पुढची. गळ्याला आणि मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतो तिथे, गोलाई असते, ती सपाट पाटावर नीट दाबली जात नाही, तिथे भुश्याने घट्ट भरलेली छोटी उशी लागते, ती तर घरीच अर्ध्या तासात होते.

मशीन बिघडलंय म्हणून ठेवून दिलंय असंही खूप ऐकते. बरेचदा ते बिघडलेलं नसतं. खालच्या बाजूने दोऱ्याचं जाळं व्हायला लागलं की आपण बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाला, दोष देतो, पण बहुतेक वेळा वरचा दोरा नीट बसलेला नसतो. दोरा भरताना मशीनचा कापड दाबून धरणारा पाय वर उचललेला हवा, तेव्हाच दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या सैल होतात आणि दोरा मध्ये जाऊन बसतो. पाय खाली असताना भरला की तो वरवर राहतो आणि जाळं होतं. सुईचंही तसंच. मलमल, रुबियासारख्या पातळ कापडाला 11 नंबर, साध्या कॉटनला 14, जीन्स किंवा जाड पिशवीला 16 नाहीतर 18. एकच सुई वर्षभर सगळ्याला वापरली की टाके सुटणारच. आणि कृपा करून मशीनला खोबरेल घालू नका, मशीनचंच पातळ तेल घाला, खोबरेल हळूहळू चिकट होतं आणि 24 अंशांच्या खाली गोठतं, पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा किती उतरतो ते आपल्याला माहितीये. तेल घातलं की आधी चिंधीवर थोडं चालवून घ्यायचं म्हणजे चांगल्या कापडाला डाग पडत नाही. पावसाळ्यात सुयांच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, गंज धरत नाही.

खरेदीचं सुख तर पुण्याइतकं कुठे असेल मला शंका आहे. लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमध्ये साडीचा पदर काउंटरवर ठेवायचा आणि समोरचा माणूस शे-दोनशे छटांमधून बरोबर तो तुकडा काढतो, मला अजूनही त्याचं नवल वाटतं. रविवार पेठेत लेस, मणी, बटणं, तुळशीबागेत बाकीचं सगळं. सप्टेंबर 2024 मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून पार्किंगची कटकट पण गेली, आम्ही वनाजच्या लाइनने जातो, सिव्हिल कोर्टला बदलतो आणि थेट मंडईत वर येतो. ज्यांनी पार्किंगपायी तिकडे जाणंच सोडलं होतं त्यांनी एकदा जाऊन या.

आणि करायचं काय तर सुरुवात पिशव्यांपासून करा. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा आम्ही मैत्रिणींनी जुन्या चादरींच्या खूप पिशव्या शिवल्या, सरळ शिवण, दुमड, पट्टे पक्के करणं, एवढ्यात हात बसतो. मग बाळांचं, दुपटं, झबलं, कुंची. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती नऊवारीचं झबलं बाळाच्या अंगाला जितकं सुखाचं असतं तितकं नवं कापड नसतंच, आणि नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, एका लुगड्यात झबली, दुपटी होऊन वर गोधडीचा एक पदर निघतो. माझ्या भाचीच्या मुलीला मी तिच्या पणजीच्या लुगड्याची झबली शिवली. पणजी नव्वदीच्या, डोळ्यांना कमी दिसतं, त्यांनी बोटांनी काठ चाचपला आणि कोणतं लुगडं ते बरोब्बर सांगितलं, कुठल्या कार्याला घेतलं होतं तेही. असं काहीतरी हाताने करून देता येतं ह्याचा जो आनंद असतो तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

शिवणाकडे कष्टाचं काम म्हणूनच बघायचं असेल तर गांधीजींचं एक आठवतं. यंत्रांवर एवढी टीका करणारे गांधीजी, पण 1924 साली त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला त्यातून अपवाद केलं, बायकोचे हाताने शिवायचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते बनवलं असं ते म्हणाले होते. आणि शिवणाच्या शिक्षणात पुणं कधीच मागे नव्हतं, रमाबाई रानड्यांनी 1909 साली इथे सेवासदन सुरू केलं, तिथे बायकांना लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणही शिकवलं जायचं. आमच्या पिढीपर्यंत शाळेत शिवणाचा तास होता, धावदोरा, तुरपाई, काज, रुमालावर साखळी टाका. आता माझ्या पुतण्याला शर्टाचं बटण लावता येत नाही, त्यात त्याची चूक नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही. मुलगे-मुली दोघांनाही शिकवायला हवं, मी सुट्टीत त्याला शिकवणार आहे.

ज्यांच्या घरात कोपरासुद्धा निघत नाही त्यांचं काय, हा विचार माझ्या डोक्यात सारखा असतो. मोठ्या सोसायट्यांमध्ये क्लबहाऊस आहेत, तिथे टेबल टेनिसचं टेबल असतं, ते साधारण 30 इंच उंच आणि 9 फूट लांब, दुपारी त्यावर कोणी खेळत नसतं. आठवड्यातली एक दुपार जाड चादर घालून ते कटिंगला दिलं, कोपऱ्यात दोन मशीन ठेवली, एक इस्त्री, तर काय बिघडेल? फक्त तेवढे ठोकळे तिथेही लागतील. महापालिकेची ज्येष्ठांसाठीची विरंगुळा केंद्रं आहेत, तिथे कॅरम आणि पेपर असतात, तिथेही एखादं मशीन ठेवावं अशी माझी नगरसेवकांना मनापासून विनंती आहे. शिवण येणाऱ्या किती आज्या घरात नुसत्या बसून आहेत, त्या शिकवतील, नव्या मुली-मुलं शिकतील.

आणि एक विनंती तुम्हाला. मराठी घरात कटिंग पेपरवरच होतं हे तुम्हाला माहिती असेलच, तुमच्या अंकाची पानं रद्दीत जायच्या आधी माझ्याकडे येतात, त्यावर ब्लाऊजचे भाग काढून कापून ठेवलेत. तर महिन्यातून एकदा पुरवणीचं एक अख्खं पान खऱ्या मापाच्या कटिंगसाठी द्याल का? पहिल्यांदा झबल्याचं द्या, तान्ह्या बाळाचं माप पूर्ण पानावर आरामात बसतं. पान कापायचं, कापडाच्या उभ्या धाग्यावर ठेवायचं आणि सुरू. शाईचा डाग पांढऱ्या कापडाला लागतो म्हणून मध्ये एक कोरा कागद घ्या अशी सूचना छापा, शिवणीसाठी सोडायची जागा तुटक रेघेने दाखवा, आणि कोपऱ्यात बरोबर एक इंचाचा चौकोन छापा, म्हणजे छपाईत माप कमीजास्त झालंय का ते टेप लावून बघता येईल.

आपली,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे